म्हातारा एकटा का गेला?

हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याबद्दल आमच्याकडे वरोरला पहिला सवाल निघाला तो हा, की एवढ्या खोल समुद्रात हा माणूस एकटा गेलाच कसा? विचारणारे गृहस्थ आयुष्यभर बोटीवर तांडेल होते. गुडघ्यांमुळे आता दर्यावर जात नाहीत, दुपारी आमच्या कारखान्यात येऊन बसतात. पुस्तक होतं पु. ल. देशपांडे यांनी मराठीत आणलेलं 'एका कोळियाने'. मूळ कादंबरी 1952ची, दोन वर्षांनी तिच्या लेखकाला नोबेल मिळालं, मराठी अवतार 1965चा. यातलं काही तांडेलकाकांना ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नाही. बोटीवर तांडेल असतो, खलाशी असतात, जाळं ओढायला हात लागतात, कुणाला काही झालं तर किनाऱ्यावर सांगायला माणूस लागतो. एकट्याने इतक्या आत जाणं म्हणजे त्यांच्या हिशेबी धाडस नव्हे, बेजबाबदारपणा.

आमचा धंदा डायमेकिंगचा. चिंचणी, वरोर, वाढवण या पट्ट्यात मासेमारी आणि शेतीच्या बरोबरीने बऱ्याच घरांना याच कामाचा आधार आहे. पोलादाच्या ठोकळ्यात दागिन्याची नक्षी उलटी कोरायची. पुढे सोन्याचा किंवा पितळेचा पातळ पत्रा त्यावर दाबला की पान, फूल, मोराची मान उठून येते. डोळ्याला भिंग, हातात छिन्नी, मान खाली. एका पाकळीत अर्धा दिवस जातो. डोळे आणि हात गुंतलेले, पण कान मोकळे. पूर्वी रेडिओ लागायचा. मग आमच्याकडे एक मुलगा काम शिकायला आला, त्याचा आवाज स्वच्छ आणि वाचनाची हौस दांडगी. जेवणानंतरचा तासभर तो वाचतो, बाकीचे कोरतात. वाचून झालं की बोलणं सुरू होतं, आणि माझ्या मते खरं वाचन तिथून पुढे होतं.

हाताला काम आणि कानाला गोष्ट ही सोय जगात एके ठिकाणी रीतसर झाली होती, आणि तीही त्या म्हाताऱ्याच्याच देशात, क्युबात. हवानामध्ये 'एल फिगारो' नावाच्या सिगार कारखान्यात 1865 साली कामगारांनी वाचक नेमला. शेकडो माणसं तंबाखूची पानं वळत बसलेली आणि उंच जागी बसलेला एक जण त्यांना वर्तमानपत्र, मग कादंबरी वाचून दाखवतो. त्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून काढत आणि काय वाचायचं तेही तेच ठरवत. पुढच्याच वर्षी सरकारने या वाचनावर बंदी घातली. नुसतं ऐकून घेणाऱ्या माणसांची सरकारला भीती वाटत नाही. ऐकून आपसात बोलणाऱ्यांची वाटते. बंदी टिकली नाही, प्रथा टिकली. अलेक्झांडर द्यूमाची 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' ही कादंबरी त्या कामगारांची इतकी लाडकी, की 1935 साली निघालेल्या सिगारला तिचंच नाव मिळालं. पुस्तकाच्या आवडीचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

तर तांडेलकाकांचा आक्षेप. आमच्या थोरल्या कारागिरांनी तो खोडला. म्हणाले, तो हौसेने एकटा गेला नाही, त्याच्याबरोबर यायला कुणी उरलंच नव्हतं. चौऱ्याऐंशी दिवस मासा नाही; पहिल्या चाळीस दिवसांनंतर मदतनीस पोराच्या आईबापांनी पोराला दुसऱ्या होडीवर घातलं. यावर काकांनी मान डोलावली. मासळी न लागणाऱ्या बोटीवरचे खलाशी पुढच्या हंगामाला दुसरीकडे जातात, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. आणि आईबापांचा त्यांना राग नाही. ज्या घरात चूल पेटायची आहे त्याने नशिबावर किती दिवस काढायचे? पण मुलगा तरी रोज संध्याकाळी म्हाताऱ्याचं सामान उचलायला येतो, हे त्यांना फार आवडलं. तेवढं पान त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

मग बोलल्या आमच्या वहिनी. त्या चिंचणीच्या बाजारात मासळी विकायच्या. त्या दिवशी चहा घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थांबून ऐकत राहिल्या. म्हाताऱ्याने मासा होडीला बांधला की तो मनात हिशेब मांडतो : दीड हजार पौंड वजन, साफ करून दोन तृतीयांश उरेल, पौंडाला तीस सेंट. वहिनी म्हणाल्या, हे ज्याने लिहिलं त्याने बाजार पाहिलाय. इतका वेळ तुम्ही शौर्य-शौर्य करताय, पण तो मासा विकायला निघालाय. मुशींनी लचके तोडले ते म्हाताऱ्याच्या हिंमतीचे नाहीत, त्याच्या वर्षभराच्या पोटाचे. या कादंबरीवर मी पुष्कळ वाचलं आहे. माणूस आणि निसर्ग, पराभव आणि प्रतिष्ठा, सगळं वाचलं आहे. भावाच्या त्या दोन ओळींवर कुणी बोट ठेवलेलं माझ्या वाचनात नाही. त्या दोन ओळी समजल्या की शेवटी उरलेला अठरा फुटी सांगाडा निराळाच दिसायला लागतो.

हे सविस्तर सांगितलं, कारण अशा बोलण्याला समीक्षा म्हणायला लोक कचरतात. समीक्षा म्हणजे विद्यापीठात होते ती, आणि कारखान्यात, ओट्यावर, लोकलच्या डब्यात होतात त्या गप्पा, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. मला ती मान्य नाही. 'आवडलं' म्हटल्यावर समोरच्याने 'का?' विचारलं आणि उत्तर देताना माणसाला आपलं आयुष्य आणि पुस्तकाचं पान दोन्ही उघडावं लागलं, की समीक्षा सुरू झाली. अट एकच : समोर 'मला नाही पटलं' म्हणणारा माणूस हवा आणि त्याला तसं म्हणायची मोकळीक हवी.

ही मोकळीक मराठी वाचकाने पूर्वी भरपूर घेतली आहे. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांचा कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद दोन लेखकांपुरता उरला नाही. घराघरांत फडक्यांचे आणि खांडेकरांचे असे दोन पक्ष पडले. 1969 साली राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला. जाळणं मला पटत नाही. तरी एका साहित्यिक मासिकाची अभिरुची कुणाला इतकी जाचते, म्हणजे ते मासिक तो किती मनापासून वाचत असेल, हेही त्यातून दिसतं. त्याच्याही पुष्कळ आधी, 1893 साली, ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं. आमचा डहाणू तालुका 2014च्या ऑगस्टपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता, म्हणून त्या संस्थेबद्दल आम्हाला घरचा अभिमान वाटतो. मराठी पुस्तकं एका ठिकाणी जमवायची आणि कुणालाही वाचू द्यायची, हा विचार तेव्हा साधा नव्हता. पुस्तक कपाटात बंद असेपर्यंत त्यावर भांडणार कोण?

अभिरुचीचा सर्वांत अवघड प्रश्न आमच्याकडे बाबूराव अर्नाळकरांवरून निघाला. थोरले कारागीर अर्नाळकरांचे भक्त. झुंजार, काळा पहाड ही त्यांच्या घरचीच माणसं. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिणारा हा लेखक एका पिढीने उशीखाली ठेवून वाचला आणि चारचौघांत नाव घ्यायची लाज बाळगली. वाचणारा मुलगा कॉलेजला जाऊन आलेला, त्याने भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' आणली. 1963ची कादंबरी, पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला शिकायला जातो आणि हात हलवत परत येतो. थोरल्यांना ती सोसेना. काही घडतच नाही, म्हणाले; अर्नाळकर पहिल्या पानावर मुडदा पाडतात. मुलगा चिडला, अर्नाळकरांना त्याने टाकाऊ म्हटलं. दोन दिवस वाचन बंद.

तिसऱ्या दिवशी थोरल्यांनीच पुढचं वाचायला सांगितलं. पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीने जाते, तो भाग आला. छिन्न्या थांबल्या. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग थोरले म्हणाले, आतापर्यंत काही घडलं नाही म्हणूनच हे एवढं लागलं. रोज एक मुडदा पडला असता तर ही पोर त्यातच गेली असती. रहस्यकथा वाचून वाचून त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती, ती म्हणजे वाचकाला कुठे थांबवून ठेवायचं आणि कुठे धक्का द्यायचा. तेच माप त्यांनी 'कोसला'ला लावलं आणि ते बरोबर बसलं. अर्नाळकरांनी त्यांची अभिरुची बिघडवली असं म्हणणाऱ्याने आमच्याकडे एक दुपार बसावं. हलकं वाचणारा माणूस हलका वाचक नसतो. मुलानेही नंतर 'काळा पहाड' वाचून काढला. आवडला नाही, पण 'टाकाऊ' हा शब्द पुन्हा काढला नाही.

वहिनींच्या मैत्रिणींमध्ये अनुताई वाघांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' फिरतं. कोसबाड आमच्याच तालुक्यात, ताराबाई मोडक आणि अनुताईंनी आदिवासी मुलांच्या शिक्षणाचं काम केलं ती टेकडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात न्यायची ही त्यांची कल्पना वाचून बायका एकमेकींना आपापल्या शाळा सुटल्याच्या गोष्टी सांगतात. त्या बोलण्यात मी नसतो, म्हणून जास्त लिहीत नाही.

आमच्या कारखान्यात सर्वांत कठीण गेलं ते गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो'. 1970 साली आलेलं, 1972चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं हे पुस्तक आमच्याच भागाचं, तलासरी-डहाणूच्या वारल्यांच्या लढ्याचं. वेठबिगारी कशी चालायची, लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतलेला 'लग्नगडी' जन्मभर त्याच्याकडे कसा राबायचा, 23 मे 1945ला झरीच्या सभेत लोकांनी वेठ नाकारायचं कसं ठरवलं, त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांच्या गोळ्यांनी माणसं कशी पडली, हे सगळं त्या लढ्यात स्वतः उतरलेल्या बाईंनी लिहिलं आहे. रेल्वेच्या पश्चिमेला आमची बंदरपट्टी, पूर्वेला जंगलपट्टी. मधून रूळ गेलेत, आणि या दोन पट्ट्यांतली माणसं एका बाकावर बसून या विषयावर फारशी बोलत नाहीत.

वाचणारा मुलगा जंगलपट्टीचा, वारली. थोरले म्हणाले, हे महत्त्वाचं आहे, पण साहित्य नाही. यात एकच बाजू आहे, रिपोर्ट वाचल्यासारखं होतं. तांडेलकाका म्हणाले, दुसरी बाजू इतकी वर्षं बोलतच होती. मी मुलाकडे पाहत होतो. त्याने पुस्तक मिटलं आणि सांगितलं, की यातलं सगळं त्याने आजीकडून ऐकलंय, काहीही खोटं नाही. पण आजी हे सांगताना हसायची. सावकाराच्या माणसाला बायकांनी कसं फसवलं, पळताना कोण चिखलात पडलं, ते सांगून हसायची. पुस्तकात कुणी हसत नाही.

मला हे त्या पुस्तकावरचं फार मोलाचं वाक्य वाटतं. त्याने गोदावरीताईंचं श्रेय तसूभर कमी होत नाही. त्या जिथे उभ्या होत्या तिथून हसू दिसणं अवघड होतं, आणि त्यांनी लिहिलं नसतं तर बाकीचंही गेलं असतं. पण ते हसू कुणीतरी लिहायचं राहिलंय, हे पुस्तक वाचल्यामुळेच कळलं आणि मोठ्याने बोलल्यामुळे ठरलं.

मुलगा आता लिहितो आहे. त्याच्यामुळे नवीन वाद निघालाय तो भाषेचा. आजीच्या तोंडी वारली घालायची की प्रमाण मराठी? थोरल्यांचं म्हणणं, पुण्या-नागपूरचा वाचक दुसऱ्या पानावर सोडून देईल. मी उद्धव शेळक्यांच्या 'धग'चा दाखला दिला : 1960 साली वऱ्हाडी बोली घेऊन आलेली कादंबरी, आणि आजही वाचली जाते. वहिनींचा तिसराच मुद्दा. वाढवणच्या बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024ला झाली, पुढे इथे कोण राहील, मांगेली आणि वारली कोण बोलेल, कुणास ठाऊक. तेव्हा आत्ताच लिहून ठेवा, वाचणारा शिकून घेईल. तांडेलकाकांना दोन्ही पटत नाही. ते म्हणतात, आधी आजी काय म्हणाली ते पूर्ण ऐकव, भाषा मग बघू.