उत्तरेच्या पहिल्या प्रवासाची आखणी

रत्नागिरी विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १७ अंशांवर वसलेली असल्यामुळे तेथील सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांच्यात जेमतेम दोन तासांचा फरक पडतो, आणि म्हणून सहलीचा बेत करताना तेथील कुटुंबे सुट्टी, पाऊस आणि खर्च यांचा विचार करतात. उजेड किती तास मिळेल हा प्रश्न सहसा उद्भवतच नाही. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, डेन्मार्क आणि आइसलँड या पाच नॉर्डिक देशांच्या पहिल्या प्रवासात मात्र हाच प्रश्न सर्वांआधी सोडवावा लागतो, कारण महिना, कपडे, मुक्काम आणि व्हिसाच्या अर्जाची तारीख या साऱ्या गोष्टी त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात.

उत्तरेकडील या उजेडाचा बारकाईने विचार करणाऱ्या मराठी विद्वानांत २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांचे नाव अग्रभागी आहे. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘दि आर्क्टिक होम इन द वेदाज्’ या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले, की वेदांतील दीर्घ उषेची आणि दीर्घ रात्रीची वर्णने ध्रुवप्रदेशालाच लागू पडतात व म्हणून आर्यांचे मूळ वसतिस्थान तेथे असले पाहिजे. हा सिद्धान्त आज अभ्यासक स्वीकारत नाहीत. तथापि ध्रुवाजवळ पहाट आणि रात्र यांचे स्वरूप कसे पालटते याचे त्यांनी केलेले खगोलशास्त्रीय विवेचन त्या प्रदेशाकडे निघालेल्या प्रवाशाला आजही उपयोगी पडेल असे आहे.

पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे ६६.५ अंशांच्या उत्तरेस, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडे, उन्हाळ्यात काही काळ सूर्य मावळत नाही आणि हिवाळ्यात काही काळ तो उगवत नाही. नॉर्वेतील ट्रोम्सो हे शहर ६९ अंशांच्याही पुढे असल्याने तेथे मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत मध्यरात्रीही सूर्य क्षितिजावर असतो, तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत दुपारी काही तास केवळ निळसर संधिप्रकाश पसरतो. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांकडे वळून वातावरणातील ऑक्सिजन व नायट्रोजन यांच्यावर आदळतात, तेव्हा आकाशात जो हिरवा-जांभळा प्रकाश उजळतो त्याला ध्रुवप्रभा म्हणतात. ती दिसण्यासाठी अंधारी रात्र आणि निरभ्र आकाश आवश्यक असल्याने सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंतचा काळ तिच्यासाठी योग्य ठरतो. मध्यरात्रीचा सूर्य आणि ध्रुवप्रभा एकाच प्रवासात पाहता येत नाहीत, हे पहिल्या दिवशीच मान्य करून दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते.

ही निवड रत्नागिरीच्या वार्षिक क्रमाशी ताडून पाहिली तर बरीच सोपी होते. हापूसचा हंगाम संपेपर्यंत बागायतदारांना घर सोडता येत नाही, पण जूनमध्ये पाऊस स्थिरावल्यावर त्यांना मिळणारी उसंत मध्यरात्रीच्या सूर्याच्या काळाशी जुळते. राज्याच्या सागरी हद्दीतील यांत्रिक नौकांची मासेमारीही जून-जुलैमध्ये बंद असते, त्यामुळे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातील नौकामालकांनाही हाच काळ सोयीचा ठरतो. शाळकरी मुले असलेल्या कुटुंबांना मेचा अखेरचा आठवडा साधता येतो. ज्यांना ध्रुवप्रभा पाहायची आहे त्यांनी गणपती आटोपल्यावर सप्टेंबरची अखेर किंवा ऑक्टोबर निवडावा, कारण तेव्हा रात्री पुरेशा अंधाऱ्या झालेल्या असतात आणि कडाक्याची थंडी अद्याप सुरू झालेली नसते.

थंडीबाबतही केवळ अक्षांशावरून अनुमान करणे चुकीचे ठरते. अटलांटिक महासागरातील उष्ण प्रवाहामुळे नॉर्वेचा किनारा हिवाळ्यातही गोठत नाही, त्यामुळे ट्रोम्सोचे जानेवारीतील सरासरी तापमान शून्याखाली चार अंशांच्या आसपास राहते, तर समुद्रापासून दूर असलेल्या फिनलंडच्या लॅपलँड प्रांतात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंतही उतरू शकतो. एका जाड कोटापेक्षा आत लोकरीचा, मध्ये उबदार फ्लीसचा आणि बाहेर वारा व पाणी अडवणारा असे तीन थर अधिक उपयुक्त असतात; कोकणात सोयीचे असलेले सुती कापड घाम धरून ठेवते व त्यामुळे अंग गारठते, म्हणून अंगालगतच्या थरासाठी ते टाळावे.

हे पाचही देश शेंगेन करारात सामील आहेत, म्हणजे परस्परांच्या सीमांवरील तपासणी काढून टाकणाऱ्या २९ युरोपीय देशांच्या समूहात ते मोडतात, आणि एका व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस या क्षेत्रात राहता येते. जेथे सर्वाधिक मुक्काम असेल त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि किमान १५ दिवस आधी देता येतो, प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा बंधनकारक आहे. बोटांचे ठसे देण्यासाठी रत्नागिरीहून मुंबईसारख्या शहरातील व्हिसा केंद्रात जावे लागते, ही फेरीही वेळापत्रकात धरावी. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असल्याने केवळ विवरणपत्रावरून बागायतदाराची आर्थिक स्थिती स्पष्ट होत नाही. म्हणून बँकेच्या खातेउताऱ्यासोबत सातबारा आणि आंबा विक्रीच्या पावत्या इंग्रजी भाषांतरासह जोडणे हिताचे असते.

नातेवाइकांसाठी हापूसची पेटी नेण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु युरोपीय संघाच्या देशांत, म्हणजे स्वीडन, फिनलंड व डेन्मार्कमध्ये, ताजा आंबा वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही आणि दुधाचे पदार्थ तर प्रवाशांच्या सामानातून नेण्यास मनाईच आहे. २०१४ साली फळमाशीच्या कारणावरून संघाने भारतीय आंब्याची आयात थांबवली होती व २०१५ मध्ये ती बंदी उठवली, यावरून या नियमांमागील गांभीर्य लक्षात येते. आंबापोळी, मेतकूट यांसारखे प्रक्रिया केलेले, दूधविरहित पदार्थ मात्र शाकाहारी प्रवाशाला चांगला आधार देतात.

अखेरचा आणि सर्वाधिक महत्त्वाचा मुद्दा मुक्कामाच्या जागेचा आहे. कोपनहेगन, स्टॉकहोम, ऑस्लो आणि हेलसिंकी या चारही राजधान्या ५५ ते ६१ अंशांच्या दरम्यान, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेस आहेत. तेथे मध्यरात्रीचा सूर्य दिसत नाही आणि ध्रुवप्रभाही क्वचितच दिसते, त्यामुळे केवळ राजधान्यांना धावत्या भेटी देणारी सहल खर्चिक असूनही उत्तरेचे वैशिष्ट्य दाखवत नाही. ऑस्लोहून ट्रोम्सोला विमानाने सुमारे दोन तासांत पोहोचता येते, आणि ढगांमुळे एखाद-दोन रात्री वाया जाणार हे गृहीत धरून तेथे सलग चार-पाच रात्री राहणे हे चार देशांना धावत्या भेटी देण्यापेक्षा श्रेयस्कर आहे. म्हणून सहल-कंपनीचे पत्रक हाती आल्यावर त्यात किती देश दाखवले आहेत हे मोजण्याऐवजी कोणत्या महिन्यात, कोणत्या अक्षांशावर, किती रात्रींचा मुक्काम आहे एवढे तीन प्रश्न विचारावेत, आणि त्यांची समाधानकारक उत्तरे मिळाल्यावरच आगाऊ रक्कम भरावी.