मेळघाटची गाडी आणि दिल्लीचे मंडळ

अकोल्याहून खंडव्याकडे निघालेली मीटरगेज गाडी अकोट, अडगाव, हिवरखेड मागे टाकून वान नदीच्या खोऱ्यात शिरायची आणि धुळघाटला एक गंमत करायची. सातपुड्याचा चढ असा, की रुळांनी तिथे गोल वळसा घेऊन स्वतःलाच वरून ओलांडले होते. १ जानेवारी २०१७ पासून ही गाडी बंद झाली. ब्रॉडगेजचे काम करायचे होते. अकोला ते अकोट ते झालेही. अकोटच्या पुढे मात्र घोडे अडले, कारण पुढच्या मार्गातले सुमारे ३९ किलोमीटर मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जात होते.

रूळ तर आधीपासून तिथे होतेच, व्याघ्र प्रकल्प नंतरचा. मग अडचण काय, असा प्रश्न अकोटच्या बाजारात अनेकांनी विचारला आणि तो गैर नव्हता. पण दिवसाला मोजक्या फेऱ्या मारणारी, घाटात रमतगमत चढणारी छोटी गाडी वेगळी आणि मालगाड्यांसकट धडधडत जाणारा ब्रॉडगेज मार्ग वेगळा. वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ३८-ओ सांगते, की व्याघ्र प्रकल्पाची जमीन पर्यावरणाला न झेपणाऱ्या वापरासाठी वळवता येत नाही. सार्वजनिक हिताचे कारण असेल, तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मान्यता आणि व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा सल्ला लागतो. म्हणजे वऱ्हाडातल्या एका रेल्वेमार्गाचे भवितव्य दिल्लीतल्या सल्लागारांच्या टेबलावर गेले.

हे मंडळ आहे तरी काय? १९५२ मध्ये स्थापन झालेले भारतीय वन्यजीव मंडळ हा त्याचा पूर्वज. त्याला कायद्याचे पाठबळ नव्हते, वजन मात्र होते. त्याच मंडळाने नेमलेल्या, डॉ. करण सिंह यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाच्या शिफारशीतून १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प उभा राहिला आणि पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट आले. २००२ च्या कायदादुरुस्तीने त्याचे राष्ट्रीय वन्यजीव मंडळ झाले. अध्यक्ष पंतप्रधान. सरकारी अधिकाऱ्यांच्या जोडीला दहा नामवंत वन्यजीवतज्ज्ञ आणि पाच स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी असावेत, असे कायदाच म्हणतो. अमरावतीचे किशोर रिठे हेही या मंडळाच्या स्थायी समितीवर होते. मेळघाटच्या पायवाटा पायाखालून घातलेला माणूस दिल्लीच्या बैठकीत बसला, की नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यात नेमके काय आहे हे तिथे कोणीतरी सांगू शकतो.

कागदावर सगळे छान. गोम पुढे आहे.

पूर्ण मंडळाची बैठक सप्टेंबर २०१२ मध्ये झाली आणि त्यानंतरची थेट ३ मार्च २०२५ रोजी, गीरमधल्या सासणला. मधली बारा वर्षे सगळा कारभार पर्यावरणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील स्थायी समितीने हाकला. २०१४ मध्ये मंडळाची पुनर्रचना झाली तेव्हा पाच संस्थांऐवजी एकच संस्था नेमली गेली, तीही गुजरात सरकारने स्थापलेली. दहा तज्ज्ञांच्या जागी दोन. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये या समितीपुढे दोन दिवसांत शंभराहून अधिक प्रस्ताव आले. एका प्रस्तावाला किती मिनिटे मिळाली असतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा. रचनाच कायद्याला धरून नाही, हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात या निर्णयांच्या अंमलबजावणीला चाप लावला. पुढे सरकारने सदस्य वाढवले.

जे खाते प्रकल्पांना परवानगी देते, त्याच खात्याचा मंत्री समितीच्या अध्यक्षपदी आणि सदस्यांची नेमणूकही सरकारच्याच हाती. यात स्वतंत्र काय उरले? सर्वोच्च न्यायालयाने वनविषयक प्रकरणांसाठी २००२ मध्ये नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीचीही २०२३ मध्ये पुनर्रचना झाली आणि तिच्या सदस्यांची निवड केंद्राकडे गेली.

स्वतंत्र सल्ला कसा असतो, हे बाहेर पाहावे. ब्रिटनमध्ये १९७० पासून पर्यावरण प्रदूषणावर एक शाही आयोग होता. विषय तोच निवडायचा, अहवाल तोच छापायचा. १९८३ मध्ये त्याने शिसेविरहित पेट्रोलची शिफारस केली आणि सरकारने ती अक्षरशः त्याच दिवशी मान्य केली. हाच आयोग २०११ मध्ये काटकसरीच्या नावाखाली बंद झाला. जर्मनीतले १९७१ पासूनचे सात प्राध्यापकांचे पर्यावरण सल्लागार मंडळ अजून टिकून आहे. भारतातही सल्ल्याने चमत्कार घडल्याचे दाखले आहेत. सत्तरच्या दशकात पर्यावरण नियोजन समितीच्या कृतिदलाने, झफर फतेहअली यांच्या नेतृत्वाखाली, केरळातल्या सायलेंट व्हॅलीचे धरण नको असे सांगितले. पुढे त्या जंगलाचे राष्ट्रीय उद्यान झाले. उलट उदाहरणही घरचेच. माधव गाडगीळ समितीने ऑगस्ट २०११ मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला. तो लोकांपुढे यायला माहिती अधिकार आणि दिल्ली उच्च न्यायालय लागले, २०१२ उजाडले.

मेळघाटात सल्ल्याची किंमत आणखी एका कारणाने जाणवते. वाघासाठी इथल्या माणसांनी गावे सोडली आहेत. बोरी, कोहा, कुंड या शतकाच्या सुरुवातीलाच उठली. नंतर केलपानी, गुल्लरघाट, अमोना अशी गावे अकोट-तेल्हारा भागात आली. पुनर्वसन अर्धवट राहिले म्हणून काही कुटुंबे जंगलात परतली आणि जानेवारी २०१९ मध्ये केलपानीला वनकर्मचारी-पोलिसांशी त्यांची झटापट झाली. कोरकू आदिवासींना ‘बाहेर व्हा’ म्हणायचे आणि त्याच गाभ्यातून मालगाड्या सोडायच्या, हे कोणत्या तोंडाने सांगणार? खरे तर मंडळाच्या रचनेतली मोठी उणीव इथेच आहे. तज्ज्ञ आहेत, अधिकारी आहेत, पण घर सोडणाऱ्या कोरकूसाठी तिथे राखून ठेवलेली खुर्ची नाही.

रेल्वेमार्गाचे पुढे काय झाले? देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने जंगलाबाहेरचा पर्याय पुढे केला. वन्यजीवप्रेमींनी तो लावून धरला. काही लोकप्रतिनिधींना जुनाच मार्ग हवा होता. २०२१ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्र्यांना पर्यायी मार्गासाठी पत्र लिहिले. अखेर रेल्वेने हिवरखेडहून सोनाळा, जामोद असा बुलढाणा जिल्ह्यातून जाणारा मार्ग स्वीकारला. अंतर सुमारे ३० किलोमीटरने वाढते, पण ज्या गावांनी आजवर रूळ पाहिले नाहीत ती गाडीशी जोडली जातात. जंगलातल्या वान रोड, धुळघाट, डाबका या स्थानकांवर पोट असलेल्यांचे मात्र नुकसान झाले.

सल्लागार मंडळाचा सल्ला सरकारने प्रत्येक वेळी ऐकलाच पाहिजे, असे कोणी म्हणत नाही. निवडून आलेले सरकार वेगळा निर्णय घेऊ शकते. पण तो का घेतला, हे लेखी आणि जाहीरपणे सांगायची सक्ती हवी. सदस्यांची मुदत पक्की हवी आणि अध्यक्ष मंत्र्याखेरीज कोणी हवा. तोवर एक गोष्ट अमरावती-अकोल्यातल्या कोणालाही करता येईल. स्थायी समितीच्या बैठकांची इतिवृत्ते केंद्राच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर असतात. मेळघाटचे किंवा काटेपूर्णा, कारंजा-सोहोळ या अभयारण्यांचे नाव त्यात कधी येते, यावर नजर ठेवा.