होरी-होरी : खुरपे आणि सुरी यांच्यामधले हत्यार

परसबागेच्या हत्यारांचा आपला संसार ठरलेला असतो. खुरपे, कुदळ, विळा आणि कात्री, एवढ्यावर बहुतेक घरांचे भागते. या संसारात अलीकडे एक जपानी पाहुणा येऊ लागला आहे. त्याचे नाव 'होरी-होरी'. जपानी भाषेत 'होरू' म्हणजे खणणे. त्या क्रियेचीच ही द्विरुक्ती. जपानच्या डोंगरउतारांवर उगवणाऱ्या रानभाज्यांना तेथे 'सान्साई' म्हणतात. बर्फ वितळल्यावर या भाज्या खुडण्यासाठी, तसेच बोन्सायकरिता एखादे रोप मुळांसकट उचलण्यासाठी तेथील लोक हे हत्यार वापरीत आले आहेत.

त्याचे पाते सुमारे 17 ते 18 सेंटिमीटर लांब, पन्हळासारखे किंचित खोलगट व टोकाशी निमुळते असते. एका कडेला सुरीची धार, तर दुसरीला करवतीचे दाते. खोलगटपणामुळे माती उचलली जाते, धारेने देठ व सुतळी कापता येते आणि दात्यांनी चिवट मुळे तोडता येतात. पुष्कळ पात्यांवर मापाच्या खुणाही कोरलेल्या असतात. फुलझाडांचे कंद सामान्यतः स्वतःच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल लावावयाचे असतात. तेथे या खुणा फार उपयोगी पडतात.

तथापि एका हत्यारात इतके गुण एकवटले की दोन धोकेही सोबत येतात. पहिला धोका हाताला. खुरप्याच्या सवयीने आपण पाते निःशंकपणे धरू जातो. येथे मात्र दोन्ही कडा कापणाऱ्या आहेत. म्हणून जाड हातमोजे घालावेत, पाते शरीरापासून दूर चालवावे आणि रोप धरणारा हात कधीही पात्याच्या वाटेत ठेवू नये. काम थांबताच हत्यार म्यानात गेले पाहिजे. मातीत खोचून ठेवण्याची रीत लेकरांच्या घरात मुळीच बरी नव्हे. खुद्द जपानमध्ये 1958 च्या कायद्यान्वये 6 सेंटिमीटरांहून लांब पात्याचे हत्यार सबळ कारणावाचून जवळ बाळगून फिरता येत नाही. बागेचे हत्यार बागेपुरतेच, हा धडा आपणही घ्यावा.

दुसरा धोका हत्यारालाच. ते पहारेसारखे वापरून दगड उचकटू लागल्यास टोक वाकते किंवा मूठ सैल होते. साध्या पोलादाचे पाते धार उत्तम धरते. परंतु ओल्या मातीने माखलेले एक रात्र जरी राहिले, तरी त्यावर तांबूस डाग दिसू लागतात. न गंजणाऱ्या पोलादाचे पाते अधिक सोशीक असते, पण निष्काळजीपणा तेही कायमचे सोसत नाही.

काळजीचा क्रम सोपा आहे. काम संपताच माती खरवडून पाते धुवावे, फडक्याने कोरडे करावे आणि तेलाचे बोट फिरवावे. जपानी कारागीर यासाठी 'त्सुबाकी' या, चहाच्याच कुळातील फुलझाडाच्या बियांचे तेल वापरतात. आपणांस शिवणयंत्राचे तेल चालेल. चामड्याचे म्यान ओल धरून ठेवते, म्हणून ओले पाते त्यात घालू नये. लाकडी मुठीला वर्षातून एकदोनदा जवसाचे तेल चोळावे. रोगट झाड कापल्यावर पाते स्पिरिटने पुसूनच दुसऱ्या झाडाला लावावे, नाहीतर आपणच रोग वाहून नेतो. धार बोथट झाल्यास, ज्या बाजूस मूळचा उतार आहे त्याच बाजूने, तोच कोन राखून, भिजविलेल्या दगडावर घासावे. दाते झिजले तरच बारीक कानस हाती घ्यावी.

जपानात 8 नोव्हेंबरला लोहार आपल्या भात्याचा उत्सव करतात. आपण मराठी माणसे, बडोद्यात असू वा इंदुरात, खंडेनवमीला हत्यारांना गंधफूल वाहतो. दोन्ही चालींमागील कृतज्ञता एकच होय. मात्र गंज चढलेल्या पात्यावर वाहिलेले फूल आम्हांस अपुरे वाटते. रोज संध्याकाळची ती पाच मिनिटे आणि कोरडे फडके, एवढी पूजा घडली, तर हे हत्यार पुढच्या पिढीच्या हातीही तितकेच धारदार जाईल.