गोमंतकाचा कौल आणि सीमाभाग

महाराष्ट्रात विलीन व्हावयाचे की केंद्रशासित राहावयाचे, हा प्रश्न १६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकीयांस पुसण्यात आला. विलीनीकरणाच्या बाजूस १,३८,१७० मते पडली, विरुद्ध १,७२,१९१. निकाल महाराष्ट्रास बोचला. परंतु भाषाबंध दाखवून लोकमत गृहीत धरता येत नाही, हा धडा त्याने साऱ्या देशास दिला.

मग बेळगावचे काय? तो प्रश्न १९६६ साली महाजन आयोगाकडे गेला; मतपेटी तेथे आलीच नाही, आणि पुढील वर्षी आयोगाने बेळगाव म्हैसूरकडेच ठेविले. आम्हां इचलकरंजीकरांसही १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन होताना कोणी मत विचारले नव्हते. गोव्यास जो न्याय, तोच सीमाभागास असावा. मात्र कौल मागणाऱ्याने प्रतिकूल कौलही शिरोधार्य मानिला पाहिजे.