पिंगळा की रानपिंगळा?

बुलढाणा जिल्ह्याची उत्तरेकडची कड सातपुड्याला टेकते. संग्रामपूर तालुक्यातलं अंबाबरवा अभयारण्य हा मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच भाग. या डोंगररांगेत दोन सारखे दिसणारे पिंगळे राहतात. गावाजवळच्या ढोलीत राहणारा, तिन्हीसांजेला कलकलाट करणारा साधा पिंगळा सगळ्यांच्या ओळखीचा. दुसऱ्याची, रानपिंगळ्याची ओळख मात्र शंभरावर वर्षं हरवली होती.

१८७२ साली पक्षिसंग्राहक ब्लेविट यांना हा पक्षी आजच्या छत्तीसगडातल्या फुलझर भागात मिळाला. पुढच्या वर्षी पक्षितज्ज्ञ ॲलन ह्यूम यांनी त्याचं वर्णन करून त्याला ब्लेविट यांचं नाव दिलं. खानदेशात जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने काही नमुने जमवले. १८८४ नंतर तो पुन्हा सापडला नाही. मध्यंतरी साधे पिंगळेच रानपिंगळे म्हणून नोंदले गेले.

त्यात भर पडली एका लबाडीची. पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला रानपिंगळा मिळाल्याचं सांगितलं होतं. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला. ते निघालं डेव्हिडसन यांनीच जमवलेलं कातडं, ब्रिटिश संग्रहालयातून चोरून नव्याने भरलेलं. शोध चुकीच्या जागी भरकटवणारी ही चोरी मला अक्षम्य वाटते.

खोटी नोंद बाद झाल्यावर खऱ्या ठिकाणांकडे पाहता आलं. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना खानदेशातल्या शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला, तब्बल ११३ वर्षांनी! खात्री पटली ती खुणांवरून. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठसठशीत पांढरे ठिपके असतात, याचा माथा जवळजवळ कोरा. छाती गडद तपकिरी, पोटाचा मधला भाग पांढराशुभ्र, पंख-शेपटीवर रुंद पट्टे, पाय जाड आणि पांढऱ्या पिसांनी झाकलेले. शिवाय हा दिवसाउजेडी शिकार करतो.

पुढे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांच्या पाहणीत तो तळोदा, तोरणमाळ, मेळघाट इथेही आढळला. २०१८ मध्ये जनुकीय अभ्यासाने दाखवलं, की त्याचं वंशवृक्षातलं स्थान साध्या पिंगळ्याच्याच ‘अथीनी’ गटात आहे. म्हणजे साम्य वरवरचं नव्हतं.

अंबाबरव्यात भर दुपारी फांदीवर पिंगळा दिसला, तर फोटो समोरून घ्या: माथा, छाती, पोट आणि पाय स्पष्ट यायला हवेत.