जुन्या डिझेल गाडीचा हिशेब: बसवकल्याणच्या रस्त्यावरची पस्तीस वर्षं

कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या बसवकल्याणात मोटारीचा विषय निघाला की तो डिझेलवरच येतो, आणि त्यामागे कारण आहे. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचा सस्तापूर बंगल्याचा फाटा हे या गावाचं दुसरं तोंड. तालुक्यातल्या कितीतरी घरांची मिळकत ट्रकवर उभी राहिली. ट्रकच्या मागोमाग बॉडी बांधणारे, पाटे बसवणारे, पंप-नोझलचं काम करणारे मेस्त्री आले. अशा घरांनी घरची गाडी घ्यायची ठरवली तेव्हा ती बहुतेक वेळा डिझेलची घेतली, आणि बहुतेक वेळा जुनी. लेकीला उमरग्याला किंवा निलंग्याला दिलेलं, मुलगा पुण्यात नोकरीला, दवाखान्यासाठी सोलापूर नाहीतर हैदराबाद, वर्षातून एकदा तुळजापूर, गाणगापूर, पंढरपूर. हैदराबाद सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, पुणे पावणेचारशेच्या पुढे. इतक्या लांबच्या येण्याजाण्याला ‘डिझेल स्वस्त आणि डिझेल दणकट’ हे दोन शब्द पुरेसे वाटत. गेल्या पस्तीस वर्षांकडे मागे वळून पाहिलं तर त्यातला ‘स्वस्त’ हा सरकारच्या धोरणाचा भाग होता आणि ‘दणकट’ हा एका विशिष्ट काळातल्या इंजिनाचा गुण होता. दोन्ही आता तसे उरलेले नाहीत. तरीही लांबच्या प्रवासाला जुनी डिझेल गाडी घेणं आजही बरोबर ठरू शकतं, असं माझं मत आहे. फक्त तिच्या बाजूचं कारण बदललं आहे, म्हणून ती निवडायची रीतही बदलायला हवी.

सुरुवातीच्या काळात फार निवड नव्हतीच. १९८०च्या सुमारास अँबेसेडरला डिझेल इंजिन मिळालं, पुढे प्रीमियर पद्मिनीलाही. खेड्यापाड्यांच्या वाटांवर मात्र राज्य होतं ते महिंद्राच्या जीप-कमांडरचं आणि टेंपो ट्रॅक्सचं. ट्रॅक्सचं इंजिन मूळ मर्सिडीजच्या घराण्यातलं, महिंद्राचं प्यूजोच्या परवान्यातलं. १९९४ला टाटा सुमो आली, १९९८च्या अखेरीस इंडिका, २०००मध्ये क्वालिस. या सगळ्या इंजिनांचा स्वभाव ट्रकसारखाच होता: यांत्रिक पंप, साधी नोझल, आवाज मोठा, वेग बेताचा. बिघाड झाला तर तो कानाला कळायचा आणि पान्याने दुरुस्त व्हायचा. ट्रकचा पंप कॅलिब्रेट करणारा मेस्त्री सुमोचाही पंप करून द्यायचा. जुनी गाडी घेताना मेस्त्रीला सोबत नेलं की निम्मं काम व्हायचं, आणि ‘इंजिन काम’ निघालंच तर पिस्टन-रिंग गावातच बसायच्या. ‘दणकट’ हा शब्द त्या इंजिनाबद्दल खरा होता.

मग २००५ ते २०१२ या सात-आठ वर्षांत सगळं पालटलं. कॉमन रेल तंत्राने डिझेल इंजिन मोटारीच्या तोलाचं झालं. २००५ला इनोव्हा आली. २००७मध्ये स्विफ्टला, २००८मध्ये डिझायरला फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन मिळालं, आणि तेच इंजिन पुढे टाटांपासून शेव्हरोलेपर्यंत अनेकांनी वापरलं. याच काळात सरकारने जून २०१०मध्ये पेट्रोलचे भाव बाजारावर सोडले, डिझेलचे धरून ठेवले. मे २०१२च्या अखेरीस दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलं तेव्हा डिझेल ४१च्या आत होतं. लिटरमागे ३२ रुपयांचा फरक! देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त डिझेलच्या झाल्या, त्यात नवल नाही. ज्याचं वर्षाचं रनिंग पाच हजारही नव्हतं, त्यानेही डिझेल घेतलं. आज जुन्या बाजारात जो माल दिसतो त्यातला मोठा भाग याच लाटेत विकला गेलेला किंवा तिच्या ओघात आलेला आहे, आणि म्हणूनच त्यातल्या सगळ्याच गाड्या लांबच्या रस्त्यावर वाढलेल्या नाहीत.

लाट ओसरलीही झपाट्याने. जानेवारी २०१३पासून डिझेल महिन्याला ५० पैशांनी वाढू लागलं, ऑक्टोबर २०१४मध्ये ते पूर्ण बाजारावर गेलं. २०१५मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, त्याच वर्षी फोक्सवागनचा उत्सर्जन घोटाळा जगापुढे आला. जून २०२०मध्ये दिल्लीत काही काळ डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं, हे दहा वर्षांपूर्वी कुणाला पटलं नसतं. एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ हे उत्सर्जनाचे कडक नियम लागू झाले आणि मारुतीने डिझेल सोडलं, फोक्सवागन-स्कोडाने सोडलं. २०२३पर्यंत होंडाही बाहेर पडली. परिणाम असा, की डिझायर, अमेझ, सिटी, व्हर्ना यांसारखी चार-पाच जणांच्या घराला परवडणारी डिझेल सेडान आज शोरूममध्ये मिळतच नाही. उरल्या त्या बहुतांशी उंच, महागड्या गाड्या. साध्या घराला डिझेल हवं असेल तर जुना बाजार हाच मार्ग.

मग ती घ्यावी का? इथे भावनेपेक्षा आकडेमोड जास्त उपयोगी आहे. समजा महामार्गावर डिझेल डिझायर लिटरला २० किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज देते आणि तिचीच पेट्रोल बहीण १६चं. २०१२च्या भावात डिझेलचा खर्च किलोमीटरला २.०५ रुपये, पेट्रोलचा ४.५६. बचत अडीच रुपये. दोन्ही इंधनं एकाच भावाची असती तर बचत फक्त ९१ पैशांची झाली असती, म्हणजे उरलेले १ रुपया ६० पैसे सरकारने धरून ठेवलेल्या भावातून येत होते. आता आजच्यासारखं पेट्रोल १०३ आणि डिझेल ९१ धरा. डिझेलचा खर्च ४.५५, पेट्रोलचा ६.४४, बचत १ रुपया ८९ पैसे. यातले भावाच्या फरकातून येतात जेमतेम ६० पैसे. १ रुपया २९ पैसे निव्वळ इंजिनाच्या कार्यक्षमतेतून येतात. पूर्वी बचतीचा मोठा वाटा पंपावरून घरी येत होता, आज तो बॉनेटखालून येतो. पंपावरची सवलत कशाही गाडीला, कशाही वापराला मिळत होती. इंजिनाची कार्यक्षमता मात्र इंजिन तंदुरुस्त असेल आणि ते लांब, सलग चाललं असेल तरच मिळते. वर्षाला २० हजार किलोमीटर चालणाऱ्याचे या हिशेबाने ३८ हजारांच्या आसपास वाचतात. सहा हजार चालणाऱ्याचे अकरा हजार, आणि ते एका क्लच-टर्बोच्या कामात किंवा नुसत्या विम्या-सर्व्हिसच्या जादा खर्चात जातात.

ट्रकमालकाला हे नेहमीच ठाऊक होतं. तो गाडी घेताना रनिंग आधी धरतो, मग भाव. त्याच्याच घरातल्या लोकांनी त्याच्याकडून डिझेलवरचा विश्वास तेवढा घेतला, रनिंगचा हिशेब घेतला नाही.

म्हणून आज जुनी डिझेल गाडी पाहताना पहिला प्रश्न मीटरवर किती किलोमीटर आहेत हा नसावा. ते किलोमीटर कसले आहेत हा असावा. पुण्याच्या सिग्नलांवर रोज दहा किलोमीटर रखडत ७० हजार झालेली गाडी ही सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर दीड लाख झालेल्या गाडीपेक्षा जास्त थकलेली असू शकते. थंड इंजिन पुन्हापुन्हा चालू-बंद झालं की काजळी ईजीआर व्हॉल्व्हमध्ये साचते, क्लच झिजतो, टर्बोला तेल नीट पोचत नाही. बीएस-६ गाड्यांत भर पडली डीपीएफची. धुरातली काजळी अडवणारी ही जाळी रस्त्यावर सलग, बऱ्या वेगाने गाडी चालली की स्वतःच तापून काजळी जाळते. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत ती जाळण्याची प्रक्रिया अर्धवट राहते, न जळलेलं डिझेल इंजिन तेलात उतरतं, तेलाची पातळी चक्क वाढते. डिपस्टिक काढून तेल खुणेच्या वर दिसलं तर ‘तेल भरपूर आहे’ म्हणून खूश होऊ नये, तिथेच थांबावं.

पाहणीची जुनी रीतही पुरेशी नाही, पण टाकाऊही नाही. गाडी पाहायला सकाळी जावं, आणि आदल्या रात्रीपासून ती चालू केलेली नाही याची खात्री करावी; बॉनेटला हात लावला की कळतं. पहिल्या सेल्फला धरते का, धूर कुठल्या रंगाचा, काळा की निळा. दोन मिनिटांनी तेलाचं झाकण सैल करून पाहावं: झाकण थडथड उडत असेल आणि धुराचे भपकारे येत असतील तर रिंग गेल्या आहेत, हे मेस्त्री तीस वर्षांपासून सांगतात आणि आजही ते खरं आहे. यापुढचं काम मात्र कानाचं नाही. इंजेक्टरची परतीच्या डिझेलची चाचणी करावी, स्कॅनर लावून जुने कोड आणि डीपीएफची स्थिती पाहावी. कॉमन रेलचे चारही इंजेक्टर नवे घालायची वेळ आली तर वर्षभराची बचत तिथेच संपते. पाना हाती असलेला मेस्त्री आणि स्कॅनर हाती असलेला मुलगा, दोघांनाही सोबत न्यावं.

यावर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. सीएनजी स्वस्त पडत नाही का? पडतो, पण टाकी डिकी खाते, आणि लग्नाला निघालेल्या घराचं सामान टपावर बांधून तीनशे किलोमीटर जाणं हा उपाय नव्हे. पेट्रोल इंजिन साधं, कटकट कमी, हेही खरं आहे, आणि वर्षाला दहा हजारांच्या आत चालणाऱ्याला मी पेट्रोलच घ्यायला सांगेन. लांब चालणाऱ्याने मात्र हेही ध्यानात घ्यावं, की पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या पेट्रोल गाड्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या आणि अ‍ॅव्हरेज काही प्रमाणात घटतं. तिसरा आक्षेप बंदीचा. दिल्लीचा दहा वर्षांचा नियम बिदर, सोलापूर किंवा हैदराबादला लागू नाही. इथे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची आणि पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढते. २०२२मध्ये त्या वाढीचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं, निदान तेवढं धरावं. पण दिल्लीतून एनओसी घेऊन बाहेर पडलेल्या गाड्या स्वस्तात देशभर पोचल्या, आणि त्यांचा मोह मी टाळायला सांगेन: ते किलोमीटर बहुतेक शहरी गर्दीतले असतात. सगळ्यात गंभीर आक्षेप धुराचा आहे. डिझेलची काजळी फुप्फुसाला घातक आहे, यात शंका नाही. म्हणूनच परवडत असेल तर डीपीएफवाली बीएस-६ गाडी घ्यावी, आणि डीपीएफ कापून टाकलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

मीटर पाडलेलं असतं, मग किलोमीटरवर विश्वास कसा ठेवायचा, असंही विचारतात. मीटर खोटं बोलतं, पण कंपनीच्या सर्व्हिसच्या नोंदी, विम्याचे जुने कागद, पीयूसीवरच्या तारखा, टायरवर छापलेला बनावटीचा आठवडा-वर्ष, ब्रेक-क्लच पेडलचं झिजलेलं रबर हे सगळं एका सुरात खोटं बोलत नाही. टॅक्सीत चाललेली आणि नंतर पांढऱ्या पाटीवर आणलेली इनोव्हा किंवा डिझायर असेल तर आरसीचा इतिहास ते सांगतो. अशी गाडी वाईटच असते असं नाही. तिचं तेल वेळच्या वेळी बदललं असेल तर दोन लाख झालेली महामार्गावरची इनोव्हा अजून बरीच वर्षं देते. भाव मात्र टॅक्सीचाच द्यावा.

सीमेवरच्या माणसाला शेवटी कागद जास्त जपावे लागतात. बसवकल्याणचं पासिंग केए-५६, पण बाजार सोलापूरचा एमएच-१३, लातूरचा एमएच-२४, पुण्याचा आणि हैदराबादचा. राज्याबाहेरची गाडी घेतली की मूळ आरटीओची एनओसी लागते, कर्जाचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ लागतो, आणि मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर नोंदणी तिथली करावी लागते. त्यासोबत कर्नाटकचा आजीवन कर येतो, आणि तो देशातल्या चढ्या करांपैकी आहे. सोलापुरात पन्नास हजारांनी स्वस्त दिसलेली गाडी कर भरून झाल्यावर बिदरच्या गाडीएवढीच पडू शकते. कितीतरी जण नाव न बदलता तशीच गाडी वर्षानुवर्षं फिरवतात. अपघात झाला की विम्याचा दावा जुन्या मालकाच्या नावापाशी अडकतो आणि जुना मालक पुण्यात असतो. विक्रेत्याला पूर्ण रक्कम देण्याआधी फॉर्म २९ आणि ३० वर त्याच्या सह्या घ्याव्यात, एनओसी हाती येईपर्यंत काही रक्कम राखून ठेवावी, आणि कराचा आकडा सौदा ठरण्याआधी बसवकल्याणच्या आरटीओत जाऊन विचारावा.