लंडन ते पॅरिस अंतर किती? विमानाने जायला किती वेळ लागतो?

युरोप सहलीचा बेत आखताना लंडननंतर पॅरिस हा टप्पा जवळजवळ ठरलेलाच असतो. नकाशावर ही दोन शहरं शेजारी-शेजारी दिसतात आणि ती आहेतही तशीच. दोन्हींमधलं हवाई अंतर साधारण ३४४ किलोमीटर आहे. रस्त्याने, इंग्लिश खाडी पार करून गेलं तर ते ४६० किलोमीटरच्या आसपास भरतं.

विमानाला किती वेळ?

तिकिटावर साधारण १ तास १५ ते २० मिनिटं दिसतात. त्यातला जेमतेम पाऊण-एक तास विमान हवेत असतं. बाकीचा वेळ धावपट्टीपर्यंत जाण्यात, रांगेत थांबण्यात आणि उतरल्यावर गेटला लागण्यात जातो. हिथ्रोला दोनच धावपट्ट्या आहेत आणि गर्दी प्रचंड, त्यामुळे ही मिनिटं वेळापत्रकातच धरलेली असतात.

पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे चालतं, हेही लक्षात ठेवा. सकाळी १० ला लंडनहून निघालेलं विमान पॅरिसला १२.२० ला पोहोचतं, पण तिथून १० ला निघालेलं विमान लंडनमध्ये १०.२० ला! उड्डाण मात्र दोन्ही वेळा तेवढंच.

मग ट्रेन का घेतात?

कारण विमानतळ शहरात नसतात. हिथ्रो लंडनच्या पश्चिमेला, मध्य शहरापासून २० किलोमीटरहून जास्त लांब. पॅरिसचं शार्ल द गॉल ईशान्येला, साधारण २५ किलोमीटरवर. लूटनच्या नावात लंडन असलं, तरी ते पन्नासेक किलोमीटर दूर आहे. विमानतळावर दोन तास आधी पोहोचणं, तपासणी, बॅगांची वाट पाहणं हे सगळं धरलं, तर सव्वा तासाचा प्रवास सहज पाच तासांवर जातो.

युरोस्टार ट्रेन सेंट पँक्रस स्टेशनवरून निघते आणि थेट गार द्यू नोर स्टेशनला, म्हणजे पॅरिस शहरातच सोडते. वेगवान गाडीला २ तास १६ मिनिटं लागतात. वेग ताशी ३०० किलोमीटरपर्यंत जातो. वाटेत १९९४ मध्ये सुरू झालेला ५०.४५ किलोमीटरचा बोगदा लागतो. त्यातले सुमारे ३८ किलोमीटर समुद्राखाली आहेत. (खिडकीतून मासे दिसत नाहीत, फक्त अंधार दिसतो.) स्टेशनवर तास-सव्वा तास आधी गेलात, तरी एकूण साडेतीन तासांत काम होतं. तिकीट मात्र लवकर काढा, ऐनवेळी ते विमानापेक्षा महाग पडू शकतं.

व्हिसाचं काय?

भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांची खरी अडचण अंतराची नाही, व्हिसाची आहे. ब्रिटन शेंगेन क्षेत्रात नाही, त्यामुळे दोन वेगळे व्हिसा लागतात. ट्रेनने जाताना फ्रान्सचे अधिकारी लंडनच्या स्टेशनवरच पासपोर्ट तपासतात, म्हणजे शेंगेन व्हिसा नसेल तर गाडीत पाऊलही ठेवता येत नाही.

पॅरिसहून लंडनला जाऊन पुन्हा रोम किंवा स्वित्झर्लंडला जाणार असाल, तर एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा चालणार नाही. लंडनला निघताच तो प्रवेश वापरून संपतो. अशा सहलीत लंडन सुरुवातीला किंवा शेवटी ठेवा, नाहीतर अर्ज करतानाच दोन किंवा अधिक प्रवेशांचा व्हिसा मागा.